घाटमाथ्यावरचा समुद्र: खाऱ्या पाण्याच्या टाकीत या चुका टाळा

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की तीन-साडेतीन तासांत समुद्र गाठता येतो, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीतली पहिली चूक बहुधा याच रस्त्याने घरी येते. मीही ती केली आहे. आषाढातल्या एका रविवारी गोव्याहून परतताना २० लिटरचे सहा कॅन भरून आणले, तेही नदीच्या मुखाजवळून, कारण गाडी तिथेच पाण्यापर्यंत नेता येत होती. घरी मोजले तेव्हा विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०१६ भरले. खुल्या समुद्रात ते १.०२५ ते १.०२६ असते, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पावसाळाभर त्या किनाऱ्यावर गोडे पाणी ओतत असते, ही गोष्ट त्या दिवशी ध्यानातच आली नाही.

तरीही एवढ्याने मासे गेले नसते. क्षारता कमी आहे हे कळल्यावर मी त्याच संध्याकाळी कोरडे मीठ थेट टाकीत टाकले आणि दोन तासांत १.०२५ गाठून समाधानाने झोपलो. सकाळी दोनांपैकी एक क्लाऊनफिश कोपऱ्यात पृष्ठभागाशी टेकून कल्ले भराभर हलवीत होता, आणि त्याच्या अंगावरची झिलई सुटून पांढऱ्या धाग्यांसारखी लोंबत होती. दुपारपर्यंत तो गेला. क्षारता उतरली तर मासा ती बऱ्याच अंशी सोसतो, पण एकाएकी चढली तर त्याच्या शरीरातले पाणी बाहेर ओढले जाते. म्हणून ती दिवसाला ०.००१ ते ०.००२ यापेक्षा अधिक चढवू नये. पुढे ओळखीच्यांच्या टाक्या पाहताना हेच वारंवार दिसले की मूळ बिघाड बहुधा निभावण्याजोगा असतो आणि मासे दगावतात ते तो एका रात्रीत दुरुस्त करण्याच्या घाईत.

पाणी आणि मीठ

समुद्राचे पाणी उन्हाळ्यात, खुल्या किनाऱ्यावरून आणले तरी कॅनमध्ये बंद झालेले सूक्ष्म जीव प्रवासातच मरू लागतात आणि घरी पोहोचेपर्यंत पाणी कुजण्याच्या वाटेवर असते. त्यापेक्षा मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्री मीठ शुद्ध पाण्यात कालवणे अधिक भरवशाचे. येथे दुसरा मोह आडवा येतो तो खडेमिठाचा. किराणा दुकानातले मीठ असो वा गोकर्णाजवळच्या सानिकट्ट्याच्या आगरातले, ते मुख्यतः सोडियम क्लोराईड असते. मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते, आणि कॅल्शियमचा मोठा भाग त्याआधीच तळाशी बसलेला असतो. हे दोन्ही नसलेले पाणी जिभेला खारट लागले तरी ते समुद्राचे पाणी नव्हे.

शुद्ध पाणी म्हणजे स्वयंपाकघरातल्या फिल्टरचे पाणी, असा समज सर्वत्र आढळतो. घरगुती आरओ यंत्र चवीसाठी काही क्षार मुद्दाम पाण्यात राखते किंवा परत मिसळते, त्यामुळे विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ४० ते ८० असा आकडा दाखवतो. टाकीसाठी तो शून्याजवळ हवा, आणि त्याकरिता आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे भांडे जोडावे लागते. शहरात नळाला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचे पाणी येते, ते पिण्यास उत्तम असले तरी त्यात क्लोरीन असतो. अथणी-रायबागकडे बोअरच्या पाण्यावर टाकी भरणाऱ्यांपुढे तर क्षारांचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो, त्यामागे बहुधा पाण्यातला सिलिका असतो. तो संपला की थर आपोआप ओसरतो, म्हणून घाबरून टाकी रिकामी करू नये.

मीठ कालवण्याचा क्रमही पाळावा. आधी बादलीत पाणी, मग त्यात थोडे थोडे मीठ, आणि छोटा पंप लावून रात्रभर फिरवणे. २० लिटरला ७०० ते ७५० ग्रॅम मीठ लागते. उलट केले, म्हणजे मिठावर पाणी ओतले, तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. खानापूर किंवा बेळगावच्या पावसाळ्यात पापडसुद्धा तासाभरात मऊ पडतो, तेव्हा मिठाची उघडी पिशवी किती टिकणार? झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच ते ठेवावे.

उडालेले पाणी कशाने भरावे

हवेत पाणी उडते, मीठ उडत नाही. एवढे साधे तत्त्व विसरल्याने जितक्या टाक्या बिघडल्या असतील तितक्या बहुधा रोगानेही बिघडल्या नसतील. तीन फुटी टाकीत दगड-वाळू वगळून १५० लिटर पाणी आहे आणि रोज दीड लिटर उडते असे धरू. ती घट दररोज खाऱ्या पाण्याने भरली, तर महिन्याभरात सुमारे दीड किलो जादा मीठ टाकीत जमा होते आणि लिटरला ३५ ग्रॅमची क्षारता ४५ च्या पुढे जाते. पातळी मात्र रोज रेषेला रेष जुळते, त्यामुळे कोणालाच संशय येत नाही. घट गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानेच भरावी. खारे पाणी केवळ पाणी बदलताना वापरावे.

मोजमापाबाबत एकच सांगतो. काटा झुलणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला मोहरीएवढा बुडबुडा चिकटला तरी आकडा वर सरकतो, म्हणून उपकरण टिचकी मारून दोनदा वाचावे. पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक चांगला, पण तो शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. लिटरला ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा, कारण आपल्याला अचूकता तिथे हवी असते.

विरजण लागण्याआधी मासे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट. हे जीवाणू दगडांवर व वाळूत वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. दुधाला विरजण लावून लगेच दह्याची वाटी पुढे करणारा गृहस्थ आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण शनिवारी टाकी आणि रविवारी मासे आणणारे पुष्कळ आहेत. गोड्या पाण्याच्या टाकीत अशी घाई कधीकधी खपून जाते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक, त्यामुळे येथे ती खपत नाही.

डॅमसेल मासे चिवट असतात म्हणून त्यांच्यावर टाकी पिकवावी, असा सल्ला दुकानांत सर्रास मिळतो. तो मानू नये. मासे हकनाक भाजून निघतात हे एक, आणि जो डॅमसेल जगतो तो स्वतःला टाकीचा मालक समजू लागतो व पुढे आणलेल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचे लचके तोडतो. त्याऐवजी थोडा अमोनिया घालून रिकामी टाकी चालवावी. लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत नेलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य राहिले, म्हणजे पहिल्या माशाची वेळ झाली. त्यानंतरही एकेक मासा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

अमोनिया पुन्हा दिसला तर काय करावे? खाद्य बंद, २० ते २५ टक्के पाणी बदल, दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी. फिल्टरचा स्पंज चकचकीत करण्यासाठी नळाखाली धरू नये, कारण क्लोरीनने त्यातली जीवाणूंची वस्तीच मरते आणि अमोनिया आणखी चढतो. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. गणपतीत आरतीला आलेली मुले काचेजवळ जमली की प्रसादातला चिरमुरा टाकीत पडतो, हा आमच्या घरचा वार्षिक अनुभव आहे. त्या पाच-सहा दिवसांत झाकणावर कापड टाकून ठेवणे उत्तम.

वीज, थंडी आणि मे महिना

वळवाच्या पहिल्या वादळात वीज गेली की टाकीतला प्रवाह थांबतो आणि प्राणवायू घटू लागतो; खारे पाणी मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवे नव्हे, टाकीतले पाणी फिरवणारा एक छोटा पंप (पॉवरहेड) जोडावा, नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवावा. ज्यांच्या टाकीखाली संप, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, आहे त्यांनी वीज चालू असताना मुख्य पंप मुद्दाम बंद करून पाहावा. पाइपमधले पाणी उलट खाली येते, आणि संपमध्ये तेवढी जागा राखली नसेल तर फरशीवर पसरते. हे मध्यरात्री कळण्यापेक्षा रविवारी सकाळी कळलेले बरे. तारा प्लगच्या खालपर्यंत सैल लोंबू द्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बोर्डात न शिरता खाली ठिबकते; प्लगवर मिठाची पांढरी पापडी धरलेली दिसली तर वीज बंद करून ती आधी पुसावी. आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसलेल्या जोडणीवर खाऱ्या पाण्याची टाकी चालवूच नये.

तापमान २४ ते २७ अंशांत राखायचे असते. मे महिन्यात पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तरी ते दोन-तीन अंशांनी उतरते, अर्थात पाणी अधिक उडते. बर्फाचे खडे टाकणे हीदेखील घाईच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री टाकी बरीच गार पडते. १५० लिटरला १५० वॅटचा एक हीटर लावण्यापेक्षा ७५ वॅटचे दोन लावावेत, म्हणजे एखादा चालू अवस्थेत अडकला तरी मासे उकडून निघत नाहीत.

पांढरे ठिपके

सर्वांत महाग पडणारी चूक येथे होते. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे ठिपके दिसतात, मासा दगडाला अंग घासतो, टाकीचा मालक धावत जाऊन तांब्याचे औषध आणतो आणि मुख्य टाकीत ओततो. चार दिवसांनी ठिपके नाहीसे होतात आणि औषधाचा गवगवा होतो. वास्तविक क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस खाऊन आपणहूनच गळून पडतो, वाळूत व दगडांवर कोष करून बसतो, आणि कोष फुटला की शेकडो पिल्ले पुन्हा मासा शोधत निघतात. दुसरी फेरी पहिलीपेक्षा वाईट असते. दरम्यान तांबे दगडांत मुरलेले असते, कोळंबी आणि गोगलगायी मेलेल्या असतात, आणि पुढे कित्येक महिने त्या टाकीत असे जीव सोडता येत नाहीत.

योग्य मार्ग लांबचा आहे. सर्व मासे, केवळ ठिपकेवाला नव्हे, वेगळ्या साध्या टाकीत हलवून तिथे मोजून मापून उपचार करावा, आणि मुख्य टाकी दहा-अकरा आठवडे माशांविना चालू ठेवावी, म्हणजे परजीवी आश्रयदात्याअभावी संपतो. प्रत्येक नवा मासा आधीच चार आठवडे वेगळा ठेवला असता तर यातले काही करावे लागले नसते, हे या टप्प्यावर सांगणे निष्ठुरपणाचे वाटते, पण तसे आहे. डासांसाठी मारलेला फवारा हाही असाच एक छुपा मारेकरी होय. एकाच वेळी सर्व मासे सैरभैर झाले तर रोग शोधण्याआधी तो आठवावा. त्यातील पायरेथ्रॉइड माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात.

काय आणू नये

कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे, आणि ते विकणेच नव्हे तर बाळगणेही गुन्हा आहे. मालवण किंवा नेत्राणीच्या बाजूला फिरायला गेल्यावर उचललेला प्रवाळाचा तुकडा यातच मोडतो. दगड हवेत तर कोरडे, कृत्रिम घ्यावेत. जीवाणू त्यावरही वसतात, फक्त अधिक वेळ घेतात. टँगसारखे सतत पोहणारे मासे तीन फुटी टाकीसाठी नाहीत. क्लाऊनफिश मात्र संवर्धन केंद्रात जन्मलेला मागावा: भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि असा मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो. दुकानदार ओळखीचा असला तरी मासा खाताना पाहिल्याशिवाय पिशवीत भरू देऊ नये, आणि घरी आणल्यावर पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. मासा तेवढा जाळीने उचलून घ्यावा.