निविदेवर आक्षेप घेताना

शासकीय निविदांच्या कामात नव्याने येणारी मुले, मग ती गोव्यातील फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेली असोत वा मिरामारच्या विधी महाविद्यालयातून, एक समजूत हमखास बरोबर घेऊन येतात. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम मिळाले पाहिजे आणि ते मिळाले नाही तर कोठेतरी पाणी मुरते आहे, अशी ती समजूत असते. फोंड्यातील एका कंत्राटदाराच्या कार्यालयात निविदा तयार करण्याचे आणि त्यांवरील आक्षेपांची टिपणे लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, पक्षपात असलाच तर तो दरांचा लिफाफा उघडण्याच्या दिवशी (पात्रतेची कागदपत्रे असलेला तांत्रिक लिफाफा त्याआधी उघडतात) क्वचितच होतो. तो त्याआधीच पात्रतेच्या कलमात लिहिलेला असतो आणि त्यावर बोलण्याची खरी वेळ निविदा भरण्यापूर्वीच निघून जाते.

पात्रतेचे कलम कसे वाचावे, हे एका उदाहरणाने सांगतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रूढ पद्धतीनुसार इच्छुकाने मागील सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामे अंदाजित रकमेच्या 40 टक्के, किंवा दोन कामे 60 टक्के, किंवा एक काम 80 टक्के किमतीचे पूर्ण केलेले असावे लागते. म्हणजे दोन कोटींच्या कामासाठी 80 लाखांची तीन, एक कोटी 20 लाखांची दोन किंवा एक कोटी 60 लाखांचे एक काम दाखवावे लागते. या आकड्यांत सहसा गडबड नसते. गडबड असते ती ‘समान स्वरूपाचे काम’ याच्या व्याख्येत. साध्या गटार बांधकामासाठी ‘याच खात्याकडे केलेले गटाराचे काम’ असा शब्दप्रयोग आला, किंवा रस्त्याच्या कामासाठी हॉटमिक्स प्लांट अमुक किलोमीटरच्या आतच असावा अशी अट पडली, की तालुक्यातील कोणाचा प्लांट त्या वर्तुळात बसतो ते नकाशावर मोजून पाहावे. अंतराच्या अटीला तांत्रिक कारण असू शकते, कारण डांबरमिश्रण वाटेत थंड होते. मात्र ते कारण मोजक्याच किलोमीटरच्या वर्तुळाला लागू पडते का, हा प्रश्न निविदापूर्व बैठकीत विचारण्याजोगा असतो.

तो प्रश्न लेखी विचारावा, याविषयी मी नवोदितांपाशी हटून बसतो. बैठकीनंतर चहाच्या वेळी एखादा कर्मचारी आपुलकीने म्हणतो, ‘‘तुमी भरात, मागीर पळोवया’’ (तुम्ही भरा, मग बघू). त्याचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याला कागदावर काहीच किंमत नसते. लेखी प्रश्नाचे उत्तर मात्र शुद्धिपत्रक होऊन निविदांच्या पोर्टलवर चढते, सर्व इच्छुकांना सारखेच लागू होते आणि पुढे वाद झाल्यास पुरावा म्हणून उभे राहते. पत्रात आरोप करू नयेत. कलमाचा क्रमांक, त्या अटीने कोणते सक्षम कंत्राटदार वगळले जातात त्याचे वर्णन, आणि त्याऐवजी कोणती अट पुरेशी ठरेल याचा प्रस्ताव, एवढे एका पानात बसले पाहिजे. अटी मान्य करून निविदा भरायची आणि काम हुकल्यावर त्याच अटींना आव्हान द्यायचे, हे न्यायालये सहसा ऐकून घेत नाहीत.

तांत्रिक लिफाफ्यात बाद झाल्यास पहिले पत्र कारण विचारणारे असावे. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 173 नुसार निविदेच्या अटींवर, प्रक्रियेवर आणि आपली निविदा नाकारली जाण्यावर प्रश्न विचारण्याची सोय निविदा दस्तऐवजातच असली पाहिजे आणि विचारल्यावर नकाराचे कारण सांगितले पाहिजे. मुरगाव बंदर प्राधिकरणासारख्या केंद्राच्या संस्थेची निविदा भरताना हा नियम हाताशी ठेवावा. साबांखा (राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते), पालिका किंवा पंचायतीच्या बाबतीत मात्र त्या निविदेतील तक्रारीचे कलम आधी वाचावे. शेजारच्या कर्नाटकात 1999 च्या पारदर्शकता कायद्याने निविदेच्या निर्णयावर अपिलाची तरतूद केलेली आहे. संपूर्ण देशासाठी तसा कायदा करण्याकरिता 2012 मध्ये लोकसभेत विधेयक मांडले गेले होते, पण ते मंजूर न होताच रद्दबातल झाले. त्यामुळे आपल्याकडे शेवटची वाट बहुधा घटनेच्या अनुच्छेद 226 खाली पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जाते.

तेथे काय मिळू शकते याचा अंदाज आधीच असावा. 1994 च्या टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, न्यायालय निर्णयावरील अपील ऐकत नाही; निर्णय कोणत्या रीतीने घेतला एवढेच तपासते. म्हणून ‘आमचे काम अधिक चांगले झाले असते’ हा मुद्दा याचिकेत व्यर्थ असतो, तर ‘जे प्रमाणपत्र नसल्यामुळे आम्हाला बाद केले, तेच दुसऱ्याकडून नंतर स्वीकारले’ हा मुद्दा वजनदार ठरतो. अर्थात प्रत्येक त्रुटी सारखी नसते. 1991 च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) रोख किंवा स्टेट बँकेच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरायची होती; निविदाकाराने दुसऱ्या बँकेचा, पण त्या बँकेने हमी दिलेला धनादेश जोडला होता. ती अट दुय्यम असल्याने तिच्यात सूट देता येते, असे न्यायालयाने ठरवले. मूलभूत अटीत अशी सूट एकालाच देता येत नाही.

नवोदित वकिलांनी 1979 चे रमणा शेट्टी प्रकरण मुळातून वाचावे, असे मी आग्रहाने सांगतो, कारण त्याचा पहिला भागच सगळीकडे उद्धृत होतो. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहासाठी पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ती पूर्ण न करणाऱ्याला कंत्राट दिले गेले. शासकीय संस्थेने स्वतः जाहीर केलेला निकष स्वतःच पाळला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने तेथे ठामपणे मांडले. तरीही कंत्राट रद्द झाले नाही. याचिकाकर्ता उशिरा आला होता, त्याचा स्वतःचा खरा हितसंबंध दिसत नव्हता आणि दरम्यान कंत्राटदाराने बराच खर्च केला होता. तत्त्वाचा विजय आणि याचिकाकर्त्याचा पराभव एकाच निकालात झाला.

अलीकडे तर वेळ अधिकच निर्णायक झाली आहे. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) 2018 च्या दुरुस्तीने पायाभूत प्रकल्पांना मनाईहुकुमाने खीळ घालण्यावर बंधन आले, आणि 2022 मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा कामांना स्थगिती देण्याऐवजी नुकसानभरपाईचा मार्ग सुचवला. गोव्यात यात पावसाची भर पडते. डांबरीकरण जूनपूर्वी उरकायचे असल्यामुळे कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघताच यंत्रे रस्त्यावर येतात, आणि अर्धा रस्ता झाल्यावर स्थगिती मागणे निरर्थक असते. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करावा, पण त्याच्या उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे हे लक्षात घेऊन याचिका त्याच्यावर टांगून ठेवू नये.

कंत्राटदारांच्या चुकांविषयीही बोलले पाहिजे, कारण आक्षेप घेणाऱ्याचे हात नेहमीच स्वच्छ असतात असे नाही. ओळखीच्या दोघांकडून मुद्दाम चढ्या दराच्या ‘सपोर्ट’ निविदा भरून घेणे, या वेळी तू आणि पुढच्या वेळी मी अशी वाटणी करणे, हे प्रकार व्यवहार म्हणून इतक्या सहजपणे बोलले जातात की, 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3 मध्ये ते निषिद्ध आहेत हे नव्या माणसाला कोणी सांगतच नाही. तुमच्या मालकाने असा कागद टंकित करायला सांगितला, तर ती सूचना लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तेथेच मिटतो.

वकिलाकडे जाताना जाडजूड फाइल नेण्याची गरज नसते. निविदा सूचना, सर्व शुद्धिपत्रके, तुमचे लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरे, तांत्रिक मूल्यमापनाचा पोर्टलवर दिसलेला सारांश त्याच दिवशी छापून घेतलेला, आणि कारण विचारणाऱ्या पत्राची आवक शिक्का असलेली प्रत, हे तारखेनुसार लावून न्यावे. कार्यादेश अजून निघालेला आहे की नाही, हा वकिलाचा पहिला प्रश्न असेल; त्याचे उत्तर त्याच सकाळी संबंधित कार्यालयात जाऊन विचारून ठेवावे.