गड्ड्याचं दारूकाम आणि बॉर्डरवरून आलेला माणूस

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. एलओसीवर गोळीबार झेलून पेन्शनीवर आलेल्या माणसाचा हा घरचा पहिला गड्डा असेल, तर तयारीला मार्गशीर्षातच लागा.

मोठ्या आवाजाला शरीर आधी दचकतं, अर्थ मागाहून कळतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात, नजर दाराकडे जाते. तिकडे याच सवयीने जीव वाचलाय. "अहो, फटाका आहे, घाबरताय काय?" म्हटल्याने ती सुटत नाही, माणूस खजील मात्र होतो.

महिनाभर आधीपासून दिवसा, घरचं कुणी शेजारी असताना, मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा. धडधड निम्म्यावर येईपर्यंत ऐकायचा, मग दोन-तीन दिवसांनी थोडा वाढवायचा. मध्येच बंद केला तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शरीर शिकतं आणि पुढच्या वेळी जास्त बिथरतं. पण तिकडचा प्रसंग आत्ताच घडतोय असं त्याला वाटत असेल, तर हा प्रयोग घरी नको, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

दारूकामाच्या रात्री बहुतेक घरं त्याला दारं-खिडक्या लावून आत बसवतात. चूक इथेच होते. आत उजेड दिसत नाही, धमाका तेवढा अचानक कानावर येतो. त्यापेक्षा गच्ची बरी. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. मैदान दोन किलोमीटरवर असेल तर आकाशात उजेड दिसला की सहापर्यंत मोजायचं. हा हिशोब फौजीला शिकवावा लागत नाही. मोजून आलेला आवाज दचकवत नाही, निदान कमी दचकवतो. सोबत श्वास: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. गर्दीत जायचंच असेल तर कडेला, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून उभं राहा. तो "चला" म्हणाला की निघा.

झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका. आधी दिवा लावा, मग पायथ्याशी, हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून बोला. नुसतं "अहो" पुरत नाही; "अहो, मी आहे, आपण सोलापुरात घरी आहोत," असं पूर्ण म्हणा. मुलांनाही हे शिकवून ठेवा. दुपारी चारनंतर चहा बंद, उठायची वेळ रोज एकच.

कॅन्टीनच्या रमने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडू नये. थरथर सुटते, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून कमी करा.

बायकोने इतकी वर्षं घर एकटीने चालवलंय. आल्या आल्या सगळा कारभार त्याच्या हाती देऊ नका, त्यानेही मागू नये. एक काम पूर्ण त्याचं असू द्या: नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी टाकी आणि ड्रम भरणं. वेळ ठरलेली, काम डोळ्यांना दिसणारं.

महिना उलटूनही वाईट स्वप्नं, चिडचिड, माणसं टाळणं चालूच असेल तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञासाठी रेफरल घ्या, नाहीतर सिव्हिलमध्ये दाखवा. नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

"मी नसलेलाच बरा" असं तो बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरात परवान्याची बंदूक असेल तर भावाकडे किंवा मित्राकडे ठेवणं कायद्यात बसत नाही. पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या.