गजराचं घड्याळ, शाईपेन, कालनिर्णय : फोन सुटावा म्हणून आणताय, तर या चुका टाळा

फोन कमी व्हावा म्हणून आणलेल्या वस्तूंवर महिन्याभरात धूळ बसते. बहुतेक घरांत कारण एकच असतं: वस्तू आली, पण फोनकडचं काम तिच्याकडे गेलंच नाही.

गजराच्या घड्याळाचंच बघा. ते उशाशी ठेवतात आणि ‘असू दे’ म्हणून फोनवरही गजर लावतात. मग पहाटे हात फोनकडेच जातो. चार्जर बाहेरच्या खोलीत न्या, फोनवरचा गजर काढून टाका. घरी वयस्कर माणसं असतील तर रिंग मात्र मोठी ठेवा. तेवढी काळजी हवीच.

चावीचं घड्याळ मागे पडतं, ही नेहमीची तक्रार. स्प्रिंग सैल होत जाते तशी चाल बदलते, म्हणून रोज ठरावीक वेळी चावी द्या. तरीही मागे पडलं, तर पाठीमागची बारीक पट्टी ‘एफ’कडे केसभर सरकवा आणि दुसऱ्या दिवशी वेळ ताडून बघा. एकदम टोकाला नेऊ नका. गजर वाजलाच नाही? बऱ्याच घड्याळांत त्याची चावी वेगळी असते, ती द्यायची राहिली असेल. शिवाय तबकडी १२ तासांची असते. पहाटे ५ चा गजर दुपारी ४ लाच चालू करून ठेवलात, तर तो संध्याकाळी ५ ला वाजणार. टिकटिक त्रास देत असेल तर खाली टॉवेलची घडी ठेवा. लाकडी टेबलावर आवाज वाढतो.

शाईपेन उठत नसेल तर निब साध्या पाण्यात भिजत ठेवा. गरम पाणी नको. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीच भरू नका, ती आत सुकून पेन कायमचं बसतं. आणि महागडी डायरी आणू नका. तिच्यात लिहायला हात धजावत नाही, शंभर पानी वही पुरते.

१९७३ पासून निघणारं कालनिर्णय अजूनही कितीतरी घरांत आहे, पण दाराआड लटकलेलं. त्यामुळे संकष्टीचा चंद्रोदय बघायला फोन उघडतो आणि अर्धा तास त्यातच जातो. ते स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर लावा, शेजारी दोरीला पेन बांधा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, सगळं तिथेच लिहा. फोनवरच्या नोंदी त्याच दिवशी पुसून टाका. दोन्हीकडे लिहीत राहिलात तर आठवड्याभरात भिंतीवरचं लिहिणं आधी बंद पडतं.