इंटरव्ह्यूची तयारी: आधी तुम्हीच पाठवलेला रेझ्युमे शोधा

कपड्यांना इस्त्री, वेळेवर पोहोचणं, फोन सायलेंटवर. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे हा भाग इथेच संपला.

ही यादी लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या वेळी पॅनलमधल्या एकांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "तक्रारी निम्म्यावर आणल्या असं लिहिलंय तुम्ही. कशाच्या निम्म्यावर?" ते वाक्य मी पाठवलेल्या रेझ्युमेत आहे हेच मला आठवेना. आदल्या रात्री मी भलतीच फाइल वाचून गेले होते. जाहिरात पुन्हा बघावी म्हटलं, तर मुदत संपल्यावर ती साइटवरून काढून टाकलेली. बाकी तयारी चोख होती, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून पहिलं काम इंटरव्ह्यूचा फोन आल्यावर करायचं नाही, अर्ज पाठवाल त्याच दिवशी करायचं. एक फोल्डर करा आणि त्याला पदाचं नाव व तारीख द्या. त्यात तीन गोष्टी ठेवा: पाठवलेला रेझ्युमे जसाच्या तसा, जाहिरातीचा पूर्ण मजकूर आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये भरलेली उत्तरं. जाहिरातीची नुसती लिंक ठेवून भागत नाही, कारण ती मरते. मजकूर कॉपी करा किंवा पीडीएफ करून ठेवा. फॉर्मचे स्क्रीनशॉट घ्या, कारण अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, किती वर्षांचा अनुभव हे सगळं आपण घाईत भरतो आणि विसरतो. फॉर्मवर एक आकडा आणि तोंडी दुसरा आकडा गेला की समोरचा काही बोलत नाही, पण टिपून ठेवतो.

हे केलं नसेल तर आत्ता उठा आणि शोधा. मेलचा सेंट फोल्डर बघा. नोकरीच्या पोर्टलवर तुमच्या अर्जांच्या यादीत अपलोड केलेली फाइल बऱ्याचदा दिसते. जाहिरात नाहीशी झाली असेल तर इंटरव्ह्यूचं बोलावणं पाठवणाऱ्या एचआरकडे जॉब डिस्क्रिप्शन मागा. एका ओळीचा मेल लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही. तयारी करून येणारा उमेदवार त्यांनाही हवाच असतो.

आता तो रेझ्युमे वाचा. लॅपटॉपवरचा सगळ्यात नवा नाही, पाठवलेला. दोन्ही सारखेच आहेत असं वाटत असलं तरी पाठवलेलाच. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि तुमच्याबद्दल किंचित संशय असलेल्या माणसाच्या नजरेने प्रत्येक ओळ वाचा. आकडा दिसला की सुरुवातीला किती होता, शेवटी किती झाला, किती काळात, कोणी मोजला आणि त्यात तुमच्याशिवाय आणखी कुणाचा हात होता, याची उत्तरं तयार हवीत. 'टीमचं नेतृत्व केलं' असं असेल तर टीम किती जणांची, ते तुम्हाला रिपोर्ट करत होते की फक्त कामाची वाटणी तुमच्याकडे होती? कौशल्यांच्या यादीतलं एखादं सॉफ्टवेअर कित्येक वर्षांत उघडलं नसेल, तर ते आता खोडता येणार नाही, कागद त्यांच्याकडे गेलाय. एक संध्याकाळ देऊन ते पुन्हा हाताळा, नाहीतर "पूर्वी वापरलं होतं, आता उजळणी लागेल" हे सरळ सांगायची तयारी ठेवा. नोकऱ्यांच्या तारखांमध्ये खंड असेल तर त्याचं दोन वाक्यांचं उत्तर पुरे. लांबण लावली की तो खंड मोठा वाटायला लागतो. छंदांमध्ये वाचन लिहिलंय? मग शेवटचं कोणतं पुस्तक वाचलं?

रेझ्युमेवर इतका भर देण्यामागे माझी जुनी सल आहेच, पण तेवढंच नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या गुणांचा अभ्यास छापला. एखाद्या गुणात माणूस चांगला वाटला की बाकीच्या गुणांतही त्याला चांगले गुण मिळत होते, त्यांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो. त्याने याला हेलो इफेक्ट म्हटलं. छाप पाडायची म्हणून सगळे या परिणामाच्या भरवशावर जातात, पण तो उलटाही फिरतो. स्वतःच्याच कागदावरच्या ओळीचं उत्तर देता आलं नाही, तर पुढची दहा चांगली उत्तरंही त्याच शंकेतून ऐकली जातात. बाहेरचं काही आलं नाही तर माणूस शिकेल असं म्हणता येतं, स्वतःचं आलं नाही तर काय म्हणायचं?

दुसरं काम जाहिरातीचं. तिच्यातली प्रत्येक अपेक्षा वेगळी लिहून काढा आणि समोर आपल्या कामातला एक प्रसंग ठेवा. जे शब्द दोन-तीनदा आलेत तिथे त्यांचं खरं दुखणं असतं. जागा रिकामी दिसली तर तोच प्रश्न येणार असं धरून चाला.

प्रसंगच का, तर अनेक ठिकाणी आता इंटरव्ह्यू गप्पांसारखा होत नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात असे आखीव इंटरव्ह्यू मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरले. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब नव्याने मांडला, तेव्हा तर माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधण्यात ते सगळ्यात वर आले. आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. समोरच्याला काहीतरी लिहून घ्यायचंय, ते त्याला द्या. "मी मेहनती आहे" हे लिहून घेण्यासारखं नाही.

प्रसंग सांगायची रीत स्टार नावाने प्रसिद्ध आहे: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. यात नव्वद टक्के लोक परिस्थितीतच अडकतात. कंपनी कशी होती, साहेब कसे होते, सिस्टीम किती जुनी होती... वेळ संपला! परिस्थिती दोन वाक्यांत उरका. गुण कृतीला आहेत आणि तिथे 'आम्ही केलं' म्हणून लपू नका. टीमचं श्रेय टीमला द्या, पण तुम्ही स्वतः काय केलंत ते 'मी' म्हणून सांगा. परिणाम सांगताना आकडा आला तर तो रेझ्युमेतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. कोणत्या रेझ्युमेतल्या? पाठवलेल्या.

पाच-सहा प्रसंग पुरतात, आलटूनपालटून बसवता येतात. एक सहकाऱ्याशी मतभेदाचा, एक डेडलाइन अंगावर आल्याचा, एक नवीन काही शिकून घेतल्याचा, एक स्वतःचं मत बदलल्याचा आणि एक खऱ्या अपयशाचा. "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे" हे अपयश नाही, ते ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत. कोड्यांवर रात्री जाळू नका. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की असल्या डोकं खाजवायला लावणाऱ्या प्रश्नांनी उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. पदाला तांत्रिक चाचणी असेल तर ती गोष्ट निराळी, तिचा सराव वेगळा करायचा.

"तुमच्याबद्दल सांगा" याचं उत्तर दोन मिनिटांच्या आत. आत्ता काय करता, इथपर्यंत कसे आलात, हीच जागा का. मोठ्याने म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं त्रासदायक असतं, तरी ऐका. मनातल्या मनात सगळेच अस्खलित बोलतात. शब्दन्‌शब्द पाठ मात्र करू नका, एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. मुद्दे पाठ करा, वाक्यं तिथे सुचू द्या.

कंपनीबद्दल वाचताना वेबसाइटवरचं ध्येयधोरणांचं पान सोडून द्या, ते सगळ्या उमेदवारांनी वाचलेलं असतं. अलीकडच्या बातम्या बघा, कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन वाचा, त्यांचं उत्पादन वापरता येत असेल तर वापरून बघा. पॅनलमधल्या लोकांची नावं कळली असतील तर उच्चार नीट माहीत करून घ्या. त्यांच्या सोशल मीडियावरचे जुने फोटो चाळून आल्याचं तिथे दाखवू नका, प्लीज.

इंटरव्ह्यू ऑनलाइन असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला, उजेड चेहऱ्यावर, मागे खिडकी नको. ॲप आदल्या दिवशीच उघडून अपडेट करा, नाहीतर ऐन वेळी ते अपडेटला बसतं. स्क्रीनवर तुमचं कोणतं नाव दिसतंय ते तपासा. नोटिफिकेशन बंद, चार्जर लावलेला, इंटरनेट गेलं तर मोबाइलचं हॉटस्पॉट तयार. समोरचे दुसऱ्या देशात असतील तर वेळ कोणत्या टाइमझोनमधली ते दोनदा बघा. आणि शेजारी प्रिंट ठेवा. पाठवलेल्या रेझ्युमेचा. ऑनलाइनचा हा एकच मोठा फायदा आहे, तो घालवू नका.

प्रत्यक्ष जायचं असेल तर नवे कपडे आणि नवे बूट आधी एकदा घालून, बसून बघा. प्रमाणपत्रं आणि ओळखपत्र, मूळ प्रती आणि झेरॉक्स. रेझ्युमेच्या जादा प्रती न्याल त्या त्याच आवृत्तीच्या न्या. त्यांच्याकडे एक आणि तुमच्या हातात दुसरी, यापेक्षा रिकाम्या हाताने गेलेलं बरं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" येतंच. नाही म्हणू नका. ही जागा नवीन आहे की कुणी सोडल्यामुळे रिकामी झाली, पहिल्या सहा महिन्यांत काय झालं तर तुम्ही म्हणाल की निवड बरोबर होती, एवढे दोन विचारले तरी चालतं. सुट्ट्यांचं पहिल्या फेरीत नको. पगाराचं त्यांनी काढलं तर फॉर्ममध्ये भरलेला आकडा आठवा. तो वाढवायचा असेल तर जबाबदारी वाढल्याचं कारण जोडून वाढवा. निर्णय कधीपर्यंत कळेल हे उठण्याआधी विचारून घ्या.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. झोपा.

झाल्यावर बाहेर पडताच विचारलेले प्रश्न लिहून काढा, संध्याकाळपर्यंत निम्मे विसरतात. त्याच दिवशी चार ओळींचा आभाराचा मेल. दुसरी फेरी लागली तर समोर नवे लोक असतील आणि पहिल्यांना काय सांगितलंत ते त्यांनी विचारून घेतलेलं असेल, तेव्हा तीही टिपणं फोल्डरमध्ये टाका. सांगितलेली तारीख उलटून आठवडा गेला तर एकदा मेल करून विचारा. दुसऱ्यांदा विचारू नका, तोवर पुढचा अर्ज गेलेला असू द्या.