वाटणीआधी वारसाने काय पाहावं, काय मागावं

घरातलं माणूस गेलं की दहावं-तेरावं होतं न होतं तोच सह्या मागायला सुरुवात होते. नोंद करायची आहे, बँकेत द्यायचं आहे, बाकीचं नंतर बघू. मागणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतंही. तरी वारसांना, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, कळकळीने सांगते: मिळकत काय आहे, तुमचा हिस्सा किती आणि कागदावर नेमकं काय लिहिलंय हे कळेपर्यंत सही करू नका. "वाचून देते, एक प्रत माझ्याकडे राहू दे," एवढं म्हटल्याने नातं तुटत नाही.

पुढचं सगळं हिंदू वारसा कायदा, १९५६ धरून आहे. तो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, गोव्याचा वारसा कायदाही वेगळा.

आधी मृत्युपत्र शोधा

नोंदवलेलं मृत्युपत्र असेल तर मृत्यूचा दाखला जोडून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करा, नक्कल मिळते. नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे घरातल्या कपाटात सापडलेलं मृत्युपत्रही चालतं. मात्र त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

मृत्युपत्रात व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमला असेल आणि त्याने प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलं असेल, तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आधी अंत्यविधीचा खर्च आणि कर्जं भागतात, मग वाटप होतं. मृत्यूनंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत तो तुमचा वाटा रोखून धरू शकतो. यादी मात्र तुम्ही त्याच्याकडे लेखी मागू शकता, आणि मागाच.

मृत्युपत्र नसेल तर हिस्सा काढा

वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांची स्वतःची आई असेल, तर स्वकष्टाच्या मिळकतीचे पाच सारखे वाटे पडतात. फ्लॅट ६० लाखांचा असेल तर प्रत्येकी १२ लाख. यातल्या आजीला हमखास विसरलं जातं. वडील नव्हे तर आई वारली असेल, तर तिच्या मिळकतीत मुलगे, मुली आणि तिचा नवरा, म्हणजे तुमचे वडील, सारखे वाटेकरी.

वडिलोपार्जित मिळकतीचं गणित वेगळं आहे, ते वकिलाकडून मांडून घ्या. पण ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला त्यात मुलासारखाच जन्माने हक्क दिला आहे. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. "तुझ्या लग्नात खर्च केला," या कारणाने हिस्सा कमी होत नाही.

मिळकतीची यादी स्वतः करा

गावच्या जमिनीसाठी नुसता सातबारा नको, आठ-अ काढा. त्या गावात त्या खात्यावर किती गट आहेत ते एका कागदावर दिसतं. शहरात मिळकत पत्रिका आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहा. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. कर्जंही यादीत लिहा. तुम्ही जामीनदार नसाल तर वडिलांच्या कर्जाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मिळकतीपुरतीच तुमच्यावर येते.

नॉमिनी दिसला म्हणून मागे हटू नका

बँकेतल्या ठेवी आणि शेअर्स यांचा नॉमिनी वारसांच्या वतीने रक्कम ताब्यात घेतो. नॉमिनेशनमुळे तो मालक होत नाही. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. विम्याचं तेवढं वेगळं: २०१५ नंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायदा त्यांना लाभधारक मानतो.

वारस नोंद डोळ्यांखालून घाला

खरी गफलत इथे होते. वारस नोंदीच्या अर्जासोबत सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र जातं. त्याची प्रत मागा आणि नावं मोजा. फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) मंजूर होण्याआधी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोटीस काढतात आणि हरकतीला १५ दिवस असतात. परगावी राहणाऱ्या बहिणीचा जुना पत्ता दिला, की ते दिवस तिला न कळताच निघून जातात.

नवा सातबारा हातात आला की आपलं नाव कुठे आहे ते बघा. भोगवटादारांच्या (जमीन ज्यांच्या नावे आहे त्यांच्या) रकान्यात भावांची नावं आणि बहिणींची खाली "इतर अधिकार"मध्ये, असे उतारे गावोगाव सापडतात. एकाच भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असंही लिहिलेलं असतं. दोन्ही दुरुस्त करून घेता येतात. नोंद मंजूर झालीच असेल तर ६० दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करा. मुदत टळली तरी हातपाय गाळू नका. फेरफार महसुलापुरता असतो, त्याने मालकी ठरत नाही.

हक्कसोड

स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा निर्णय. पण हक्कसोडपत्र नोंदवल्यावर ते फिरवणं फार अवघड असतं. कुठला गट, किती क्षेत्र, कुणाच्या लाभात आणि मोबदला किती, हे त्यात वाचा. साध्या कागदावरच्या किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने जमिनीतला हिस्सा जात नाही. तरी पुढे कोर्टात तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जातो, म्हणून तिथेही सही करताना थांबा.

देतच नसतील तर

आधी स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा आणि पोचपावती जपून ठेवा. मग दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा आणि त्याच दिवशी मिळकत विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. मुंबईतली मिळकत असेल तर दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवायला वकिलाला सांगा, नाहीतर मधल्या काळात घेणारा "मला माहीतच नव्हतं" म्हणून मोकळा होऊ पाहतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जाताना मृत्यूचा दाखला, आधार, आठ-अ आणि केलेल्या मागणीची पोचपावती सोबत न्या.