हिडकलच्या पाण्यावर सौर पॅनल येण्याआधी मच्छीमारांनी करायची तयारी

तरंगता सौर प्रकल्प आणि मासेमारी यांची खरी झोंबाझोंबी मे महिन्यात होते. पावसाळ्यानंतर कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं, घटप्रभेवरचं हिडकल धरण भरलेलं असतं, तेव्हा पाणी सगळ्यांना पुरतं. उन्हाळ्यात ते जुन्या नदीपात्राकडं आकसतं. मासे तिथंच गोळा होतात, आणि सांगाडे तळाला टेकू नयेत म्हणून पॅनलनाही तीच खोल जागा लागते. त्यामुळं प्रकल्पाची नुसती कुणकुण लागली तरी पहिलं काम नकाशाचं. भरल्या धरणात केलेली पाहणी मान्य करू नका.

मे अखेरीस होडी काढा. वजन बांधलेल्या दोरीला दर मीटरला गाठ मारून खोली मोजा, मोबाइलवर जागेची नोंद घ्या. जाळी कुठं लागतात, बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) कुठं सोडतात, होड्या कुठून उतरतात, सगळं टिपा. पहिल्या पुरात कटला-रोहू प्रवाहाच्या उलट दिशेनं वर चढतात. ती वाट वेगळ्या रंगानं दाखवा. तिथं पॅनल नकोतच.

तेलंगणात रामगुंडमचा १०० मेगावॅटचा प्रकल्प सुमारे ५०० एकरांवर आहे, म्हणजे मेगावॅटला ५ एकर. मात्र तो २.५ मेगावॅटच्या ४० गटांत विभागलेला आहे. गटांमधून होडीची वाट मागायची ती याच आधारावर.

सगळ्यात जास्त नुकसान पॅनल जागी धरणाऱ्या नांगराच्या दोरांनी होतं. पाणी उतरलं की दोर सैल पडतात, वाऱ्यानं पॅनलचं बेट सरकतं आणि संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे दोरात गुरफटलेलं सापडतं. ओढलं की फाटतं, सोडलं तर पाण्याखाली मासे मारत राहतं. म्हणून मासेमारीच्या बंदी क्षेत्राची हद्द सर्वांत कमी पाणीपातळीला दोर जिथवर पसरतील तिथवर मोजायला लावा, आणि तिथं रात्री दिसणारे तरंगते दिवे मागा.

आजपासून होडीनिहाय वही ठेवा: तारीख, जात, किलो, दर. काठावर मासळी विकणाऱ्या बायकांची नावंही त्यात हवीत, नाहीतर भरपाईच्या यादीत त्या येतच नाहीत. परवाने सोबत लावा. घटनेच्या कलम ३५० नुसार मराठीतलं निवेदनही चालतं, पण कन्नड प्रत जोडा, काम लवकर हलतं.

ब्रिटनमध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर मच्छीमारांशी बोलायला खास संपर्क अधिकारी असतो. तशी नेमणूक इथंही करारात घाला. जाळं फाटलं तर लांबी आणि आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या) मापानुसार पैसे किती दिवसांत मिळणार, हेही तिथंच लिहून घ्या.