कॉलेज बेसबॉलच्या निवडीसाठी मुलाचं (आणि आपलं) मन कसं तयार करावं

माझा मुलगा आता अमेरिकेत डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज-खेळांच्या तीन पातळ्यांपैकी तिसऱ्या) एका छोट्या कॉलेजात सेकंड बेस (दुसऱ्या बेसजवळची जागा) खेळतो. तिथवर पोचायला अडीच वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष आम्ही आई-बाबांनीच वाया घालवलं. बारावीची मेरिट लिस्ट, कट-ऑफ, एका मार्काने हुकलेली ॲडमिशन, यातून वर आलेली माणसं आम्ही. आम्हाला वाटलं, पोरगा चांगला खेळला की यादीत नाव लागणारच. पण कॉलेजची निवड स्थळं बघण्यासारखी असते. समोरच्यांना यंदा डावखुरा पिचर (बॉल टाकणारा) हवा असेल, तर तुमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) कितीही गुणी असला तरी तिथे जमत नाही, आणि त्यात त्याचा काही कमीपणा नसतो. ही एक गोष्ट घरात सगळ्यांच्या मनात नीट बसायला हवी. अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलात बेसबॉल खेळताहेत, त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: ‘डी-वन’चा हट्ट सोडा

डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलची टीम असलेली कॉलेजं सुमारे ३००. त्याशिवाय डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए (कॉलेज-खेळांची वेगळी संघटना) आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत. मुलांच्या तोंडी मात्र एकच शब्द असतो, डी-वन. आपल्या गप्पांमध्येही ‘फुल स्कॉलरशिप’ हा शब्द फार सहज येतो. खरं तर कितीतरी वर्षं डी-वनच्या अख्ख्या बेसबॉल टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असत आणि त्या २७ जणांपर्यंत वाटल्या जात. २०२५-२६ पासून, खेळाडूंच्या खटल्यातून झालेल्या नव्या समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांवरची ती मर्यादा उठली, पण टीम ३४ जणांचीच झाली. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला दुसऱ्या कॉलेजातला तयार, २१-२२ वर्षांचा खेळाडू मिळत असेल, तर आपल्या सतरा वर्षांच्या मुलाची तुलना थेट त्याच्याशी होते. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. तिथे घरच्या उत्पन्नावरची मदत असते, आणि डी-थ्रीच्या अनेक कॉलेजांत अभ्यासावरचीही.

ज्युनिअर कॉलेजला नाक मुरडू नका. अल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीतल्या एका कम्युनिटी कॉलेजातून आला, मेजर लीगच्या (व्यावसायिक बेसबॉलच्या) १९९९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेराव्या फेरीत निवडला गेला आणि ७०३ होमरन मारून निवृत्त झाला.

दुसरी पायरी: आपण कुठे आहोत ते बघा

शनिवारी जवळच्या कॉलेजची मॅच बघायला मुलाला घेऊन जा, पण मॅचच्या तासभर आधी पोचा. इन्फिल्डची (बेसजवळच्या फिल्डरांची) प्रॅक्टिस बघा. बॉल किती वेगाने येतो, शॉर्टस्टॉप तो किती शांतपणे उचलतो, पहिल्या बेसकडे किती सरळ फेकतो. मग परतताना मुलाला एवढंच विचारा, “तू आज इथे खेळला असतास का?” उत्तर त्याला आपोआप कळतं.

काही मोजमापं सगळीकडे विचारली जातात. साठ यार्ड धावणं सात सेकंदांच्या आत, कॅचरचा (बॅटरमागे बसणाऱ्याचा) दुसऱ्या बेसवरचा थ्रो दोन सेकंदांच्या आसपास, पिचरचा वेग. आमच्या मुलाचे साठ यार्ड ७.३ सेकंदांत व्हायचे. ते कळल्यावर तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी मात्र कॉलेजांची यादी त्याने स्वतःच बदलली.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेलं काम जेवणाच्या टेबलावर झालं. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर रोस्टर असतो: नाव, पोझिशन, उंची, वजन, वर्ष. आपला मुलगा जाईल त्या वर्षी कोणते सेकंड बेसमन बाहेर पडलेले असतील ते मोजायचं. एका आवडत्या कॉलेजात चार सेकंड बेसमन होते आणि त्यातले तीन पहिल्या वर्षाचे. तिथे मेल न पाठवता आम्ही पुढे गेलो. कुणाला मन मारावं लागलं नाही, कारण कागदावर स्पष्ट दिसत होतं.

पोझिशनचाही हट्ट नको. दोनदा साय यंग अवॉर्ड (मेजर लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) जिंकलेला जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता. पिचिंग त्याने तिसऱ्या वर्षी सुरू केलं.

तिसरी पायरी: मेल मुलानेच लिहायचा

डी-वनचे कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी स्वतःहून बोलू शकत नाहीत. डिव्हिजन टूमध्ये ही तारीख दहावीनंतरची १५ जून आहे. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून मुलाने उदास व्हायचं कारण नाही.

पहिला मेल मी लिहिला होता. चारशे शब्द, त्यात ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘लहानपणापासून आवड’. एकाही कोचचं उत्तर आलं नाही. दुसरा त्याने लिहिला: कुठल्या वर्षी पास होणार, पोझिशन, जीपीए (मार्कांची सरासरी), दोन मिनिटांच्या व्हिडिओची लिंक, पुढच्या महिन्यात कुठे खेळणार आणि त्याच कॉलेजचं नाव का निवडलं याची एक ओळ. सहा कोचना पाठवला, दोघांची उत्तरं आली.

कॅम्पचं आमंत्रण आलं की घरात पेढे वाटू नका. अशी आमंत्रणं शेकड्याने जातात आणि त्यांची फी असते. कोचने तुमच्या मुलाच्या खेळातली एखादी नेमकी गोष्ट लिहिली असेल, तर तो खरोखर बघतोय.

चौथी पायरी: वाईट दिवसाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला बॅट्समन पॅव्हेलियनमध्ये जाऊन बसतो. इथे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झालेला मुलगा काही मिनिटांत ग्लोव्ह घालून मैदानात उभा असतो, आणि पुढचा बॉल त्याच्याकडेच येऊ शकतो. दहात तीनदा हिट मारणारा इथे उत्तम बॅटर समजला जातो. म्हणजे सातदा मोकळ्या हाताने परतायचं आणि तरी ताठ उभं राहायचं.

मुलाने दोन बॉलच्या मधल्या वेळासाठी एक छोटी सवय लावून घेतली: ग्लोव्ह काढायचा, पुन्हा घालायचा, फाउल पोलकडे (मैदानाच्या कडेच्या उंच खांबाकडे) बघून एक लांब श्वास. मागचा बॉल तिथे संपला.

अकरावीच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचे दोन स्ट्राइकआउट झाले, एक सोपा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा बॉल) हातून सुटला. शेवटच्या वेळी त्याने पिचरच्या हातात साधा ग्राउंडर मारला. बाद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी तो नव्वद फूट जीव तोडून धावला, परतताना खाली पडलेली जोडीदाराची बॅट उचलली आणि डगआउटच्या कठड्याला उभा राहून पुढच्या मुलाला ओरडून धीर दिला. कुंपणाबाहेर वही घेतलेले एक गृहस्थ उभे होते. पुढे त्यांनीच फोन केला, आणि बोलणं सुरू झालं ते त्या धावण्यावरून.

पालकांसाठी दोन नियम. कुंपणापाशी उभं राहून ‘खांदा खाली’, ‘पाय हलव’ असं ओरडू नका, कोच आपल्यालाही बघत असतात. आणि परतीच्या गाडीत मॅचचं पोस्टमॉर्टेम करू नका. आमच्याकडे आधी सँडविच, मग शांतता. तो बोलला तर ऐकायचं. हे मला फार जड गेलं, पण तेव्हापासून तो स्वतःहून बोलायला लागला.

पाचवी पायरी: अभ्यास आणि हात

डी-वनसाठी हायस्कूलचे १६ कोर कोर्सेस (मुख्य विषय) आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो, आणि त्यातले १० कोर्सेस बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. हा फक्त उंबरठा. चांगल्या डी-थ्री कॉलेजांत मार्कच दार उघडतात.

मुलगा पिचर असेल तर शोकेसमध्ये (कोचसमोर खेळ दाखवायच्या कार्यक्रमात) कोच आलेत म्हणून दुखऱ्या हाताने फेकू देऊ नका. मेजर लीगच्या मार्गदर्शक नियमांनुसार सतरा-अठराच्या वयात एका दिवसात १०५ पिचच्या वर जायचं नाही, आणि ८१ किंवा जास्त पिच झाले की चार दिवस विश्रांती. “कोच, आज खांदा दुखतोय” हे वाक्य त्याला घरीच बोलून बघायला लावा. मुलांना ते म्हणायची भीती वाटते.

सहावी पायरी: ‘नाही’ आणि भेटीचा दिवस

नकार देणाऱ्या कोचलाही दोन ओळींचा आभाराचा मेल जाऊ दे. कोच कॉलेजं बदलत असतात. होकाराच्या वाटेवर असलेल्या कोचला मुलाने स्वतः विचारावं: माझ्या वर्षासाठी या जागेवर आणखी किती जण घेताय? पहिल्या वर्षी खेळलो नाही तर माझं काय होईल? आणि घरी आपण विचारायचं: उद्या बेसबॉल थांबला, तरी इथे शिकायला आवडेल का?

भेटीच्या दिवशी मुलाला टीममधल्या मुलांबरोबर एकट्याला मेसमध्ये जेवू द्या. आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसून डब्यातले थालीपीठ खाल्ले. दीड तासाने तो आला, मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “आई, त्यांचे दोन्ही सेकंड बेसमन पुढच्या वर्षी पास होतायत. रोस्टरवर होतं, तरी मी त्यांनाच विचारून घेतलं.”